वहीतली कोरी ओळ

रेशीमबागच्या मैदानावर, पहाटे साडेपाचला,
बारापात्रे सर फावड्यानं वाळू उलथायचे
आणि उडीच्या पाटीपुढे ओली माती थापायचे,
चूल सारवावी तशी, बोटांनी, सावकाश.
मी अठरा पावलं धावत यायची, उडायची,
वाळूतून उठून आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची.
ते वाकून मातीकडे बघत असायचे.
"अंगठा उमटला, निखारे. उडी नाही झाली."
"पण सर, लांब गेली ना?"
"लांब तर कटलेला पतंगही जातो."

आई म्हणायची, माणूस आहे का वजनकाटा?
'बरी' हा शब्द त्यांनी तीन वर्षांत
अकरा वेळा वापरला. मी मोजलाय.
त्यातला एक चहाबद्दल होता.

मग मानकापूरची ती स्पर्धा. मार्चचं ऊन.
शेवटची उडी, पाच मीटर बारा.
पंच चष्मा पुसत होता, पुसता पुसता
त्यानं पांढरा झेंडा वर केला.
पायाला कळतं. पायाला सगळं कळतं.
तरी मी हात उंचावले, फोटोसाठी हसले.

येताना अजनीच्या पुलावर सरांनी लुना थांबवली.
खालून मालगाडी जात होती, तिचे डबे संपेचनात.
ती गेल्यावर म्हणाले, "तुले माहीत आहे ना?"
मी मान हलवली.
"पदक ठेव. ते पंचानं दिलं, त्याचं त्याच्यापाशी.
वहीत मात्र आकडा लिहू नको."

मानेवाड्यापर्यंत मी त्यांच्या पाठीमागे रडत होते.
ती वही अजून आहे: तारीख, वारा, बुटांचा नंबर,
आणि पुढे कोरी ओळ.
दुसरी आलेली मुलगी काटोलची होती.
तिचं नाव मला आठवत नाही.
सरांनी पंचाला का नाही सांगितलं,
मी का नाही सांगितलं,
हे त्या ओळीत मावलं असतं खरं तर.

आणि दिगेश हेडाऊ.
गुडघे कच्चे, मन त्याहून कच्चं.
सगळ्यांसमोर सर त्याला म्हणाले,
"तुझ्या अंगातच नाही हे बे, घरी जाय."
तो घरी गेला. परत आला नाही.
आता कूलर दुरुस्त करतो, नंदनवनात दुकान आहे.
दर एप्रिलमध्ये सरांकडे जाऊन वाळा बदलायचा,
पूर्ण पैसे घ्यायचा, मोजून.
एकदा सर म्हणाले, "पंप अजून आवाज करून राहिला."
त्यानं कान लावला, म्हणाला, "बरोबर आहे,"
आणि सगळा कूलर पुन्हा खोलला.
खोलता खोलताच, वर न बघता, बोलला,
"सर, माझे गुडघे सांगायचे होते.
तुम्ही मलेच सांगितलं."
मी तिथे होते, कपबशी हातात धरून.
सर बराच वेळ गप्प बसले.
मग म्हणाले, "हो. तिथं माझा पाय पुढे पडला."

आता फावडं माझ्याकडे आहे.
तेजलचे बाबा कारची काच खाली करून सांगतात,
"थोडं वा वा म्हणत जा मॅडम, पोरगी खुलते."
खुलते, हे खरंच आहे.
ती उडते, उठते, माझ्या तोंडाकडे बघते,
आणि माझ्या तोंडात तो शब्द तयार असतो, गोड, फुकटचा.

मी वाकते. मग तिलाच हाक मारते.
"तू वाच."
ती मातीपाशी उकिडवी बसते,
खुणेत बोट घालून बघते.
"गेली, मॅडम. एवढी."
बोटाचं एक पेर.
"धाव कुठे चुकली?"
"सोळाव्या पावलाला घाबरली मी."

हे मला दिसलं नव्हतं.
बाबा हॉर्न वाजवतात.
तेजल तिच्या खुणेकडे परत निघाली आहे, पावलं मोजत,
आणि माझे हात मातीनं भरलेले.